पाटीवरचा ‘प्रा.’

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत बत्तीस फ्लॅट आहेत. सेक्रेटरी म्हणून खालची नावांची पाटी नव्याने रंगवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या नावाआधी जुन्या पाटीवर ‘प्रा.’ होतं. माझ्या बारावीतल्या मुलीला ते सहा महिन्यांपासून हौसेने गणित शिकवत होते.

आपलं नाव कागदावर लिहून द्यायला आले, तेव्हा गप्पांत म्हणाले, “एकोणिसाव्या वर्षी सदाशिव पेठेतल्या कॉलेजात लागलो, अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटलो.”

एकोणिसाव्या वर्षी साधी बी.एस्सी.सुद्धा पूर्ण होत नाही.

“मग एम.एस्सी. कधी केलीत?”

ते चष्मा पुसत राहिले. “केली नाही. प्रयोगशाळेत सहायक होतो. इथे आलो तर वॉचमन पहिल्याच दिवशी ‘सर’ म्हणाला. ‘प्रा.’ तुमच्या आधीच्या सेक्रेटरींनी घातलं. मी फक्त खोडायला सांगितलं नाही. अकरा वर्षं.” मग हळूच म्हणाले, “आता मुलीला पाठवणार नाही ना?”

मला राग यायला हवा होता; आलं ते कुतूहल. पुण्याला तोतया नवा नाही, पेशवाईतला तर शाळेतच भेटतो. पण इतिहासातले आणि कादंबऱ्यांतले तोतये गादी नाहीतर वारसा बळकावायला येतात. यांनी बळकावलं एक अक्षर आणि एक टिंब, आणि त्यासाठी रोज दोन तास शिकवलं. नोकरीचे अर्ज तपासणं हे माझं काम. न केलेली कामं बिनदिक्कत लिहिणारे मी रोज पाहतो. विचारल्यावर इतकं सरळ उत्तर त्यांतल्या एकानेही दिलेलं नाही.

बायकोला सांगितलं.

“त्यांचं एखादं गणित चुकलं?”

“एकही नाही. मी ताळा करून बघतो.”

“अहो, मग अडलंय कुठे?”

अडलं होतं ते मुलीपाशी. तिला खोटं माहीत असावं, हे मला चालेना. मी त्यांना म्हटलं, “पाठवतो. पण तिला तुम्ही सांगायचं.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आमच्या घरी येऊन तिला माझ्यासमोर, उभ्यानेच सांगितलं.

“म्हणजे कॉलेजात कधी शिकवलंच नाहीत?” मुलीने विचारलं.

“नाही.”

“मग हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?”

“कोणी नाही. लायब्ररीतली पुस्तकं घरी आणायचो. पहिली सहा वर्षं काही कळायचंच नाही.”

“सहा?” ती हसली. “मला तर सहाच महिने झालेत.” तिने खुर्ची पुढे सरकवली. “बसा ना. कालचं तिसरं मला अजून सुटत नाहीये.”