सेतुमामांच्या मेसमधले आठ पगार

सेतुमाधव राव यांचे गेल्या महिन्यात एका बुधवारी पहाटे सव्वापाच वाजता तंजावरमध्ये राहत्या घरी निधन झाले. वय चौऱ्याहत्तर. त्यांची मुलगी पद्मा हिचा फोन पुण्यात सहा वाजता आला. ती दोनच वाक्ये बोलली. अप्पा गेले, आणि आज मेस बंद आहे. चौतीस वर्षांत ते दुसरे वाक्य त्या घरात मोजक्याच वेळा बोलले गेले होते. मेसमधली आठ माणसे नेहमीच्या वेळी कामाला आली होती. बातमी कळल्यावर ती परत गेली नाहीत, दुपारपर्यंत गल्लीत उभी राहिली.

ते माझे मामा. आई लग्न होऊन पुण्याला आली, ते तंजावरमध्येच राहिले. घराणे मराठ्यांच्या राज्यात तिकडे स्थायिक झालेले. पुढच्या पिढ्या कारकुनीत आणि शिक्षकीत गेल्या. सेतुमामाही बारा वर्षे सरकारी कचेरीत टंकलेखक होते. चाळिशीला ती नोकरी सोडून त्यांनी घराजवळच्या गल्लीत दुपारच्या जेवणाची मेस काढली. पहिली तीन वर्षे मामी स्वतः रांधत असे. मग आचारी आला, वाढपी आले. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, दोन भाज्या, ताक, आणि भात-सांबार हवे तेवढे. जेवायला येणारे म्हणजे ओरत्तनाडूकडून कचेरीच्या कामाला आलेले शेतकरी, तिरुवैयारूच्या संगीतशिक्षिका, कोर्टातले लेखनिक, रिक्षावाले. मामा घरात मराठी बोलत आणि मेसमध्ये तमिळ. देवनागरी त्यांना अक्षर अक्षर लावून वाचावी लागे, त्यामुळे माझे लेख पद्मा त्यांना वाचून दाखवी. मध्येच थांबवून ते विचारत, "हें खरं आहे, की पेपरातलं आहे?"

काही वर्षांपूर्वी राज्य सरकारने हॉटेल कामगारांचे किमान वेतन वाढवले तेव्हा मी एका लग्नासाठी तंजावरमध्ये होतो. आठही जणांना वाढ द्यायची तर महिन्याअखेरी मामांच्या हाती उरणारी जवळजवळ सगळी रक्कम त्यात जात होती. पद्मा शाळेत गणित शिकवते. तिने दोन संध्याकाळी बसून हिशेब केला आणि सरळ सांगितले, "अप्पा, भांडी घासायचं यंत्र घ्या. एक माणूस कमी होईल, बाकीचे सात टिकतील." ते एक माणूस म्हणजे अंजलै. कावेरीकाठच्या एका खेड्यातून पहिल्या बसने येणारी, बावीस वर्षे मेसची भांडी घासणारी, साठीला टेकलेली बाई. ही नोकरी गेली असती तर तिला दुसरी कोणी दिली नसती, हे मेसमधल्या प्रत्येकाला माहीत होते.

तिलाही माहीत होते. दुसऱ्या दिवशी ती ओल्या हातांनीच मामांसमोर उभी राहिली. मालकाला तिकडे मुदलाळी म्हणतात.

"मुदलाळी, पगार वाढला म्हणतात सगळे. माझा वाढला, का मी गेले?"

"आधी भांडी घास."

"घासतेच आहे. नळ सोडला तरी मला तुमचं बापलेकीचं बोलणं ऐकू येतं."

मुख्य वाढपी मुरुगेसन भाताची बादली घेऊन मागून चालला होता. तो न थांबता म्हणाला, "यंत्र आणाच मालक. पण ते हिच्यासारखं भांडणार नाही. एवढी शांतता सोसेल का तुम्हाला?"

संध्याकाळी मामांनी मला विचारले, "तू पेपरात असतोस. सांग, पगार वाढवला की हॉटेलं बंद पडतात, की नाही पडत?" मी सांगितले की दोन्ही छापून येते, आणि दोन्ही बाजूंना अभ्यासक असतात. "म्हणजे त्यांतल्या कोणालाच रोज पंगत वाढावी लागत नाही," मामा म्हणाले.

त्यांचा पहिला निर्णय चुकला. कोणाला काढायचे नाही आणि दरही वाढवायचा नाही, असे ठरवून ते भांड्यांच्या बाजारात गेले आणि सांबार वाढायचा डाव लहान घेऊन आले. आधीच्यापेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने लहान. कोणाला सांगितले नाही. लोकांना मात्र पहिल्याच दिवशी कळले, कारण भात तेवढाच होता आणि तो सांबारात भिजत नव्हता. जो तो पुन्हा मागू लागला. मुरुगेसनच्या फेऱ्या दुप्पट झाल्या. वीस मिनिटांत उठणारी पंगत अर्धा तास उठेना, आणि दुपारच्या तीन पंगतींच्या जागी दोनच होऊ लागल्या. सांबार पूर्वीइतकेच संपत होते. तिसऱ्या दिवशी मुरुगेसनने डाव मामांच्या टेबलावर ठेवला. "मालक, डाव लहान आणलात. आता गिऱ्हाइकांची पोटंही बाजारातून लहान आणा."

चौथा दिवस गुरुवार होता. ओरत्तनाडूजवळचा एक शेतकरी दर गुरुवारी येई. पंधरा वर्षे त्याची जागा ठरलेली होती. जेवण झाले की पान आपल्या बाजूला मिटायचे, ही तिकडची रीत. म्हणजे जेवण आवडले, पुन्हा येऊ. पान समोरच्या बाजूला मिटतात ते मयताच्या जेवणाला. त्या माणसाने त्या दिवशी पान समोरच्या बाजूला मिटले, हात धुतले, पूर्ण पैसे दिले आणि गेला. मामा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मालकाने उष्टे पान उचलायचे नसते. त्यांनी ते उचलले आणि स्वतः नेऊन टाकले. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, "भांडला असता तर मी पण भांडलो असतो. पान मिटून गेला की रे…"

शुक्रवारी जुना डाव परत आला आणि दारात पाटी लागली. तमिळमध्ये तीन वाक्ये होती. कामगारांचा पगार वाढला आहे. म्हणून जेवण दहा रुपयांनी वाढले आहे. सांबार पूर्वीसारखेच, हवे तेवढे. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुसऱ्या हॉटेलचा मालक पाटी वाचून आत आला. "पगाराचं असं जाहीर लिहितं का कोणी? उद्या गिऱ्हाईक विचारेल, कोणाला किती देता." मामा म्हणाले, "विचारू दे. सांगेन." त्या मालकाने स्वतः तीन माणसे कमी केली होती आणि टेबलावरून फोनने मागणी नोंदवायची सोय केली होती. ते हॉटेल आजही चालते. हेही नोंदवले पाहिजे.

पाटीनंतरचे दिवस सोपे नव्हते. दुसऱ्या पंगतीत रिकाम्या जागा दिसू लागल्या. संध्याकाळचा इडली-डोशाचा धंदा मामांनी बंद केला, कारण त्यासाठी लागणाऱ्या जादा तासांचा पगार त्यातून निघत नव्हता. त्यांचे स्वतःचे उत्पन्न घटले आणि पुढची दीड वर्षे घराला रंग लागला नाही. रोज येणारे दोन रिक्षावाले यायचे थांबले, घरून डबा आणू लागले. मामांना त्यांची नावे पाठ होती. ते कधीच परतले नाहीत. "ते दोघे त्या दहा रुपयांत गेले," मामा मला फोनवर म्हणाले. "लिहिशील तर हें पण लिही. नुसतं माझं कौतुक नको." तिसऱ्या महिन्यात पानांची संख्या पूर्वीच्या जागी आली. गुरुवारचा शेतकरी त्याआधीच, दुसऱ्या आठवड्यात, आला होता. दारात उभे राहून त्याने पाटी सावकाश वाचली, जेवला, आणि पान आपल्या बाजूला मिटले. एका मेसवरून साऱ्या राज्याचा निष्कर्ष काढता येत नाही. या मेसपुरते सांगायचे तर दर वाढला, काही गिऱ्हाइके गेली, मालकाचा नफा कमी झाला आणि काम आठही जणांचे टिकले.

वाढलेला पगार हाती आल्यावर अंजलैने एक गोष्ट केली. आपल्या सुट्टीच्या दिवशी ती नवी साडी नेसून नातीला घेऊन आली आणि पहिल्या पंगतीला बसली. मुरुगेसनने तिला वाकून वाढले. "अम्मा, आणखी सांबार?" असे त्याने चारदा विचारले आणि चारही वेळा तिने घेतले. पैसे द्यायला ती टेबलाशी आली तेव्हा मामांनी हात मागे घेतला.

"तुझ्याकडून घेऊ का मी?"

"पाटीवर माझं नाव वेगळं लिहिलंय का?"

"अंजलै, जा गुपचूप."

"पगार देताना तुम्ही सूट मागितली नाहीत, मुदलाळी. मग मला कशाला देता?"

मामांनी पैसे घेतले. ते सांगताना दरवेळी त्यांचा आवाज चढे. त्या मेसमध्ये त्यांना कोणी वादात हरवले असेल तर ते अंजलैनेच, आणि हे ते अभिमानाने सांगत.

तेराव्यानंतर पद्माने शाळेतून दोन महिन्यांची रजा घेतली. यंत्राचा सल्ला तिचाच होता, त्यामुळे पुढे काय होणार याची गल्लीत चर्चा होती. चौदाव्या दिवशी सकाळी सहा वाजता तिने मेस उघडली. सेतुमामा रोज साडेदहाला रसमाचे चार थेंब तळहातावर घेऊन चाखत आणि मगच पाने मांडायला सांगत. त्या दिवशी साडेदहाला मुरुगेसन पळी घेऊन आला आणि पद्मासमोर थांबला. तिने तळहात पुढे केला. मीठ कमी आहे, असे ती म्हणाली. मीठ घातले गेले.

या महिन्यापासून कामगारांचा महागाई भत्ता पुन्हा वाढला आहे. पद्माने जेवण पाच रुपयांनी वाढवले. गेल्या सोमवारी दुपारी दोन वाजता मी मेसमध्ये होतो. तिसरी पंगत बसलेली होती. कामावर आठ जण होते. भांड्यांच्या हौदाशी अंजलै होती.