कापूस भरलेल्या पुरचुंड्या

माझी काकू सुगंधी पुरचुंड्या शिवते. तळहाताएवढ्या मलमलीच्या पिशवीत वेखंड, लवंग, सुकवलेला पुदिना, गुलाबाच्या पाकळ्या भरायच्या आणि तोंड दोऱ्याने आवळायचं. कुणी ती कसर लागू नये म्हणून कपाटात ठेवतं, कुणी झोप लागावी म्हणून उशाखाली. विकत घेणारे हटकून राण्यांच्या गोष्टी काढतात. जुन्या काळी राण्या म्हणे अशा पिशव्या गळ्यात घालायच्या. काकूचं डोकं तिथेच फिरतं.

"घालायच्याच. आंघोळीचा कंटाळा ना," ती म्हणते. "साथ आली की वैद्य नाकाला पिशवी लावून फिरायचे. न्यायाधीश सुवासिक पाला घेऊन कोर्टात बसायचे, का, तर समोरच्या कैद्यांना घाण यायची. कोठडी धुवावी, हे एकाही शहाण्याला सुचलं नाही."

एवढं ठाऊक असूनही ती फसली, याचा मला अजून राग येतो.

आत्या, म्हणजे काकूची थोरली नणंद. दोघींमधून कधी विस्तव गेला नाही. काकूने घातलेली प्रत्येक घडी आत्याने मोडून पुन्हा घातली. तिचं अंग एका बाजूने लुळं पडल्यावर परगावच्या मुलांनी तिला वृद्धाश्रमात ठेवलं. भेटीचा वार रविवार. तिथला व्यवस्थापक दर आठवड्याला काकूकडून डबाभर पुरचुंड्या मागवायचा.

"म्हाताऱ्यांना बरं वाटतं हो," तो म्हणायचा. "वास तेवढा कडक ठेवा."

काकू खूश. पदरच्या लवंगा जास्त घालायची.

एकदा डबा न्यायला माणूस आला नाही, म्हणून ती स्वतःच आडवारी तिथे गेली. खोलीच्या दारातच घाणीच्या भपकाऱ्याने तिने पदर नाकाला लावला. पलंगाच्या दांडीला एकही पुरचुंडी नव्हती. जन्मभर सुरकुतलेल्या चादरीवर न बसलेली आत्या ओल्या, पिवळ्या चादरीवर पडली होती. काकूला पाहून तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

"रविवारी ये. पिशव्या तेव्हाच टांगतात. आज मी माणसांत नाही."

"चादर कधी बदलली?"

"तू पिशव्या शिवतेस ना? मग चादर कशाला बदलतील?"

काकूने कपाट उचकून चादर शोधली आणि स्वतः बदलली. आत्याच्या पाठीवर जखम झाली होती, ती पुसून काढली. मग ती व्यवस्थापकाकडे गेली. त्याने चहा मागवला.

"माणसं कमी आहेत. पटत नसेल तर घरी न्या त्यांना."

काकूची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना एक माणूस जेमतेम चढेल असा. हे त्याला चांगलं माहीत होतं. निर्लज्जपणालाही काही सुमार असतो. काकूने चहाला हात लावला नाही.

पुढचा डबा तिने वेळेवर दिला. वरच्या थरात चार खऱ्या पुरचुंड्या, खाली सगळ्या नुसत्या कापसाच्या.

रविवारी लोक फळांच्या पिशव्या घेऊन आले आणि दारातच थबकले. कुणी खिडक्या उघडल्या, कुणी पांघरुणं उचलून पाहिली. एका जावयाने सासूची गादी उलटी केली, आणि त्याचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत गेला. व्यवस्थापक दांडीवरची एक पुरचुंडी ओरबाडून आत्याच्या पलंगापाशी उभ्या असलेल्या काकूसमोर आला.

"यात नुसता कापूस आहे."

"हो," काकू म्हणाली. "बाकीचं सगळं तुमचंच आहे."

संध्याकाळच्या आत गाद्या बदलल्या गेल्या. आता नातेवाईक पाळी लावून कुठल्याही वारी जातात, आणि त्यांना दारात अडवायची कुणाची छाती होत नाही. काकूचं मोठं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. तीही आश्रमात जाते. आधी आत्याची चादर नाकाला लावून पाहते, मगच उशाखाली एक पुरचुंडी सरकवते.

परवा आत्याने ती हुंगली आणि नाक मुरडलं. "लवंग फार झालीय."

"पुढच्या वेळी कमी घालीन," काकू म्हणाली. "आता चालेल."