जाऊबाई आणि फ्रान्सचे उभे दगड

मैत्रिणींनो, आज दुपारपासून माझा नुसता जळफळाट होऊन राहिलाय. लपवत नाही.

राजापेठेत माझे शिकवणी वर्ग आहेत. वीस वर्षं इतिहास शिकवते. फ्रान्सच्या खेड्यांतले उभे दगड, तिथली अश्मयुगातली दगडी थडगी, सगळं फळ्यावर खडूनं काढून दाखवलं. कधीतरी जाऊ म्हणून पासपोर्टही काढला होता. पानं कोरीच राहिली आणि मुदत संपली.

आणि आज तिथून व्हिडिओ कॉल कोणाचा? अकोटच्या माझ्या मोठ्या जाऊबाईंचा! लेकीकडे गेल्यात. मी इतिहासाचं बोलायला लागले की ज्यांना जांभया येतात, त्या.

"अवं, हे पाह्य! तू शिकवते ना, थेच गोटे!"

मागे माणसाच्या दुप्पट उंचीच्या दगडांची रांग. मी कसंबसं "छान" म्हटलं.

मग एका थडग्यापुढे त्यांनी चपला काढल्या. ओल्या गवतात हात जोडले आणि पर्समधलं बिस्कीट दगडापुढे ठेवलं, शेताच्या धुऱ्या-बांधावरच्या देवापुढे ठेवतो तसं. लेक ओरडली, "आई, लोक पाहून राहिले!"

जाऊबाईंनी मला विचारलं, "इथं पुरलेल्या मानसाइले आता निवद कोण दाखवते वं?"



त्यांचं विमान, त्यांचे फोटो, सगळं मी चार दिवसांत विसरेन. पण वीस वर्षं ती थडगी शिकवून हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. खरं सांगा, तुम्हाला पडला असता?