मावशीबरोबरची मालिका

कपाट आवरताना प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला आईचा रिमोट सापडला. त्याला अजून बामाचा वास येतो. आई नागपुरात आणि तिची धाकटी बहीण, माझी मावशी, पारशिवनीत. दोघी वर्षानुवर्षं साडेसातची मालिका आपापल्या घरी पाहायच्या आणि जाहिराती लागल्या की फोनवर बोलायच्या. पुढे मावशीला फोनवरचं ऐकू येईनासं झालं, फोन थांबले. मालिका मात्र दोघींची राहिली. तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात आई अंथरुणाला खिळली होती. औषधांमुळे तिला संध्याकाळीच झोप लागे, म्हणून मी इंटरनेटवर चालणारा टीव्ही आणला आणि आदल्या दिवशीचा भाग तिला दुपारी लावून देऊ लागलो. एकदा कूलरमध्ये पाणी भरायला उठताना मी मालिका मध्येच थांबवली. “काहून थांबवलं गा?” आई कासावीस झाली. “तिकडं तुही मावशी पाहून राहिली असन, तिचंबी थांबलं ना!” मी हसलो आणि मोठ्या हौसेने समजावून सांगितलं, की हे फक्त आपल्या घरात थांबतं, मावशीने तर हा भाग कालच पाहिला. आई पडद्यावरच्या थांबलेल्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. “म्हणजे मी एकटीच पाहून राहिली होती का इतके दिवस?” मग म्हणाली, “बंद कर बाप्पा.” त्यानंतर तिने मालिका कधीच लावायला सांगितली नाही. “हो वं आई, लावतो, मावशी खोळंबली असन,” एवढंच मी म्हणायला हवं होतं.