जेवला का, पल्हाद?

नाही बह्याडलो मी, पल्हाद! रिसोडच्या बाजारात हातवारे करून सांगत फिरू नको का शामरावचा पेच ढिला झाला म्हून! डोकं ठिकानावर हाय माहं. बोट चुकलं फक्त!

तो तिकडं रिसोडले, अन् मी इथं तुमच्यासमोर भांडून राह्यलो. काय करता! घ्या चहा, सांगतो. पन जो हसंल त्याचा कप हिसकीन.

पल्हाद माहा जुना दोस्त. दोघायलेबी हॅम रेडिओचं याड, म्हंजे घरच्या सेटवरून दूरदूरच्या मानसाईशी बोलाचं. दहावी नापास मानूस मी, पन परीक्षा देऊन सरकारी लायसन काढलं, हाव! मी अनसिंगले, तो रिसोडले, रोज सेटवर भांडन. मंग त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं अन् आवाज गेला. काय खनखनीत आवाज होता राजेहो! त्यानं सेटवर चादर टाकली अन् घरात बसला. उंबऱ्याबाहेर पाय नाही. फोन लावा, तं वहिनीच उचले.

मले लय राग आला. मानूस मुका झाला म्हून सेटबी मुका झाला का बे?

रेडिओवर टाइप करून बोलता येते. इकडं अक्षर दाबा, सेटातून टुईटुई आवाज जाते, तिकडं कॉम्प्युटर त्याचं पुन्हा अक्षर करते. पल्हादच्या घरी जाऊन चादर ओढली, जोडून देलं. मंग माह्या घरी जोडलं. पह्यले पडद्यावर नुसता कचरा! मी कॉम्प्युटरले दोन शिव्या हानल्या. मंग समजलं, सेटवर लहरीच्या दोन बाजू असतात, वरची अन् खालची; माही उलटी लागली होती. सुलटी केली, अन् इंग्रजी अक्षरात पल्हादचा पह्यला मराठी शब्द उमटला: 'हलकटा'.

डोये भरले ना! खोटं कायले सांगू?

आता माहं टायपिंग म्हंजे गहू निवडनं. एकेक अक्षर हुडका. पन एक वाक्य बटनात भरून ठेवाची सोय होती. मी भरलं, 'जेवला का पल्हाद'. बाजूले चौकोन होते. काय लिहेल होतं, देव जाने. शाळेत मास्तरनं मले कधी टिक देली नाही, म्हून दिसंल त्या चौकोनात टिक हानली! बटन दाबलं अन् तुरीच्या वावरात गेलो.

दुपारी धुऱ्यावर जीप थांबली. पल्हाद उतरला अन् पयत सुटला! मांगं वहिनी, डोयाले पदर. मले वाटलं, याले काई झालं. मीबी पयालो. त्यानं मले धरलं, कपायाले हात लावला, तोंडासमोर दोन बोटं नाचवली.

"दोन हायत बे! काहून?"

वहिनी म्हने, "भाऊजी, सकायपासून एकच इचारून राह्यले तुमी! ह्यायनं 'जेवलो, जेवलो' लिहून बोटं झिजवले. वाटलं, तुमाले झटकाच आला!"

घरी येऊन पाह्यलं. पडदा भरेल. जेवलो. जेवलो ना. जेवलो रे बाबा. डोकं फिरलं का तुहं? मधात साताऱ्याकडच्या कोन्या अनोळखी मानसानं लिहेल होतं, 'मीही जेवलो भाऊ, आता त्यांना सोडा.'

मले लाज वाटाले पाह्यजे होती. पन मी पल्हादकडं पाहून राह्यलो. उंबरा न वलांडनारा मानूस माह्या वावरात पयत आला होता ना!

तसाच जेवाले बसवला. पह्यला घास घेतला, तं आतून टुईटुई! पल्हाद उठला, उष्ट्या हातानं माह्याच कीबोर्डवर लिहिलं, 'अजून वाढून राह्यले.' अन् खांदे गदगदून हसला. आवाज नाही, पन हसला!

मी वायर उपटली. पन सेट चालू केला का पुन्हा तेच सुरू. घडीघडी धाडाची टिक कोनती, कोनती काढावी? साऱ्याच तं मी हानल्या! अन् तिकडं पल्हाद रोज सेट लावून वाट पाह्यते.

गजानन, दात काहाडू नको. तुहं कॉम्प्युटरचं दुकान हाय ना? ठेव तो कप. ऊठ. चाल माह्या घरी, आत्ताच.