सलीमचं ‘ठैर’

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून शिवीच निघाली. वर्षानुवर्षं अबोला धरला आणि वर भांडण अर्धवट टाकून गेला... श्रद्धांजलीचं गोड बोलणं मला जमणार नाही.

शहर चहूबाजूंनी फुगत होतं आणि नळाला पाणी नव्हतं, त्या दुष्काळात आम्ही दोघांनी टँकर पुरवणाऱ्या एका कंपनीसाठी फाईल सिस्टिम बांधली. कुठला टँकर कुठल्या वस्तीला दिला, याची फाईल शहरात, हर्सूलला आणि अजिंठ्याला, तिन्हीकडच्या मशीनवर राहायची. वापरणाऱ्याला मात्र ती एकच वाटली पाहिजे, आणि एखादं मशीन बंद पडलं तरी बाकीच्यांचं काम अडू नये. इथवर आमचं एकमत होतं. मग सलीमनं आपली अट घातली: ज्या मशीनचा इतरांशी संपर्क तुटेल, त्यानं काही लिहायचंच नाही. मी म्हटलं, लिहू दे की, लाईन आल्यावर नोंदी जुळवून ताळा करू. त्यानं हात वर केला. “ठैर. एकच टँकर दोन वस्त्यांना लिहिला गेला, तर दुसरीनं काय हवा प्यायची?” तो वर केलेला हात माझ्या डोक्यात जायचा.

आणि व्हायचं तेच झालं. मी अजिंठ्यात असतानाच तिथलं मशीन इतरांशी जोडणारी लाईन गेली. भरलेला टँकर उन्हात उभा, मशीन नोंद घेईना, नोंदीशिवाय ड्रायव्हर हलेना. हंडा घेऊन आलेली एक बाई माझ्यावर खेकसली, “पानी डोळ्यांम्होरं हाय, अन् तुमचं डबडं नाय म्हनतं व्हय?” मी मोबाइलवरून सलीमला विनवलं, अट काढ. “ठैर,” एवढंच म्हणाला. टँकर संध्याकाळी हलला. दुसऱ्या दिवशी मी त्याला ऑफिसात सगळ्यांदेखत दगड म्हणालो. तो उठून गेला, तो पुन्हा बोलला नाही.

ही हकीकत मी अख्ख्या शहराला ऐकवली. तोही माझ्याविरुद्ध काहीबाही सांगत असणार, हे मी धरूनच चाललो होतो. परवा त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बायकोला, नसरीनभाभींना, सरळच विचारलं, माझ्याबद्दल काय बोलायचा?

“कायबी नाय. तुमची बात निघाली की हात वर करायचे. ‘ठैर. तो समोर नाय, तर मी कसं बोलू?’ तुम्ही येणार, म्हणायचे.”

त्याच्या टेबलासमोर एक रिकामी खुर्ची होती. इतक्या दाटीच्या घरात तिच्यावर कुणी कपड्याची घडीसुद्धा ठेवली नव्हती. भाभी “बसा ना” म्हणाल्या. मी उभाच राहिलो. राग अजून आहे, तसाच आहे. हलकटा, आता ताळा कुणाशी करू?