मोठ्या घराची वाट

त्या टेकडीवर रस्ता एकच, आणि तो कॅथेड्रलच्या दारात संपतो. दोन्ही बाजूंना मानकरी पाद्र्यांची, म्हणजे बिशपांच्या सभेतल्या ज्येष्ठ धर्मगुरूंची, घरं. तुर्क आले, जाळपोळ करून गेले. व्हिएन्नाचे बादशहा आले, तेही गेले. पहिल्या महायुद्धानंतर तर हंगेरीचा निम्म्याहून जास्त मुलूख गेला. या घरांचा क्रम मात्र हलला नाही. कॅथेड्रलला लागून असलेलं मोठं घर सगळ्यांत ज्येष्ठ मानकऱ्याचं. तो देवाघरी गेला की खालच्याने सभेत त्या घरावर हक्क सांगायचा, खालच्याच्या घरावर त्याच्या खालच्याने, आणि मग आठवडाभर रस्त्यातून पलंग आणि कपाटं फिरत राहायची. गावकरी म्हणायचे, आमच्याकडे माणूस एकच मरतो, पण बिऱ्हाडं सगळ्यांची हलतात.

मानकऱ्यांना बायका नसतात, घर सांभाळणाऱ्या बाया असतात. फादर लोरिंकांचं घर पेट्रोनेलाबाई सांभाळायच्या. फादर ज्येष्ठतेत दुसरे, त्यांचं घर दुसरं, आणि बाक घराप्रमाणे, म्हणून बाई कॅथेड्रलमध्ये दुसऱ्या बाकावर. पहिल्या बाकावर बसायची थोरल्या फादर आंब्रुशांची बहिरी स्वयंपाकीण, आणि तीही डुलक्या काढत. ते पाहून पेट्रोनेलाबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दुसऱ्या बाकावरून देव दिसतो, पण तिथे बसलेल्या बाईला कोण बघतं? मरण्याआधी मोठ्या घराची किल्ली कमरेला लावून पहिल्या बाकावर बसायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी उरी बाळगली होती.

एके दिवशी डॉक्टरांनी फादर आंब्रुशांना बजावलं, चरबीला शिवायचंसुद्धा नाही. ही बातमी रस्त्याच्या वरच्या टोकाहून खालच्या टोकाला पोचेपर्यंत पेट्रोनेलाबाईंनी बाजारातला सगळ्यांत लठ्ठ हंस कापून घेतलासुद्धा.

"थोरल्या फादरांची आबाळ होते हो," त्या शेजारच्या हर्मिनाला म्हणाल्या. "बिचारी बहिरी बाई काय करणार? माणुसकी म्हणून पाठवते."

हर्मिना तिसऱ्या क्रमांकाच्या फादर किलियानांचं घर सांभाळायची. ती गालात हसली. "पाठवा ना. पुण्य लागेल."

त्या दिवसापासून झाकलेलं भांडं मोठ्या घरी जाऊ लागलं. कधी हंसाच्या चरबीत तळलेली कुरकुरीत कातडी, कधी डुकराचं मांस भरलेले कोबीचे गुंडाळे, वर मलई. फक्त शुक्रवारी नाही, कारण शुक्रवारी कुणाला मांस खाऊ घालणं पाप.

इकडे फादर लोरिंकांना जगवायचं होतं, निदान थोरल्यांनंतर एक दिवस तरी. त्यांच्या ताटात शहाजिऱ्याचं पाणचट सूप, सकाळी आणि संध्याकाळी. फादर वास घेत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचे.

"पेट्रोनेला, एक तुकडा?"

"तुमच्या पोटाला झेपत नाही, फादर."

"माझ्या पोटाला कुणी विचारलंय?"

"मला कळतं त्याचं."

वर्षं गेली. फादर आंब्रुश सफरचंदासारखे लाल झाले आणि हिवाळ्यातही टेकडी उतरून फिरायला जाऊ लागले. फादर लोरिंकांचा झगा मात्र दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसू लागला. पेट्रोनेलाबाईंनी हार मानली नाही. मलई वाढवली.

अखेर संत मार्टिनच्या सणाला, भरपूर जेवून, फादर आंब्रुश खुर्चीतच झोपले ते उठलेच नाहीत. वय नव्वदीच्या पार. अंत्ययात्रेत सगळ्यांत मोठ्याने पेट्रोनेलाबाई रडल्या. अश्रू खरे होते. इतकी वर्षं ज्याला जेवू घातलं, त्याच्यावर माया जडतेच.

मानकऱ्यांची सभा भरली त्या दिवशी बाईंनी काचेची भांडी गवतात बांधून ठेवली होती. फादर लोरिंक परतले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "सोड ती गाठोडी. मी हक्क सांगितला नाही. घर किलियानला गेलं."

"फादर! का हो असं केलंत?"

"तिथे गेलो तर सगळ्यांच्या वरचा मी. माझ्या खाली किलियान. आणि हर्मिनाचा हात स्वयंपाकात काही वाईट नाही."

"म्हणजे मी त्यांना मारलं म्हणताय?"

"छे. तू त्यांना जेवू घातलंस," फादर म्हणाले. "मला नाही घातलंस."

बाईंनी खाली मान घालून गाठोडी सोडायला घेतली. फादरांना वाटलं, घाव बसला. बाईंचं मन वळलं.

रविवारी हर्मिना नवी शाल पांघरून आली. "पेट्रोनेलाबाई, पाय घ्या जरा आत," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पुढच्या बाकावर जायचंय मला." अख्ख्या कॅथेड्रलने ऐकलं. बिशपांनीसुद्धा ऐकलं असावं, कारण ते खोकले.

सोमवारी सकाळीच पेट्रोनेलाबाई बाजारात गेल्या. दुपारी घरभर असा दरवळ सुटला की फादर लोरिंक वाचता वाचता उठले. त्यांनी स्वतःच्या हाताने गळ्यात रुमाल बांधला, खुर्ची ओढली आणि टेबलाशी लहान मुलासारखे बसून राहिले. डोळ्यांत पाणी होतं.

"पेट्रोनेला," ते म्हणाले, "मला ठाऊक होतं, तू मनाची वाईट नाहीस."

बाईंनी हंसाची मांडी भांड्यात ठेवली, वरून चरबी ओतली, झाकण लावलं, त्यावर भरतकामाचं फडकं नीट बांधलं.

"फादर किलियानांना हल्ली जिना चढताना दम लागतो म्हणे," त्या शाल घेत म्हणाल्या. "आणि पुढच्या सभेत तुम्ही हक्क सांगेपर्यंत मी दाराशी उभी राहणार आहे. तुमचं सूप चुलीवर आहे. गार होऊ देऊ नका."